सात सायंकाळच्या सात हाका

नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती डिसेंबरची २५ तारीख: दारावरची कागदी चांदणी, गव्हाणीतला बाळ येशू, मध्यरात्रीची मिस्सा आणि शेजाऱ्यांकडून येणारे फराळाचे ताट. परंतु ख्रिस्ती उपासनेच्या पंचांगात ह्या दिवसाच्या अलीकडे एक स्वतंत्र ऋतू आहे, आणि तो ऋतू सणाचा नसून सणाची वाट पाहण्याचा आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत त्याला ‘अ‍ॅडव्हेंट’ म्हणतात. आपल्याकडील कॅथलिक बांधव त्याला ‘आगमनकाळ’ म्हणतात. लॅटिन भाषेतील ‘आद्वेन्तुस’ म्हणजे येणे. ३० नोव्हेंबरच्या संत आंद्रियाच्या सणाच्या सर्वांत जवळ येणाऱ्या रविवारी हा काळ सुरू होतो, म्हणजे कधी २७ नोव्हेंबरला, तर कधी ३ डिसेंबरला. त्यात चार रविवार येतात आणि चर्चचे नवे वर्षही तेथूनच मोजले जाते. वर्षारंभ उत्सवाने न करता प्रतीक्षेने करावा, ही कल्पनाच मोठी विलक्षण आहे.

ह्या काळात धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात. रविवारच्या मिस्सेत एरवी म्हटले जाणारे ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र आगमनकाळात म्हणत नाहीत. कारण ते बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायिलेल्या शब्दांनी सुरू होते, आणि ती रात्र तर अजून यावयाची आहे. ऑर्गन व इतर वाद्ये बेताने वाजवावीत, असा कॅथलिक उपासनेचा आजचाही नियम आहे. थोडक्यात, संगीतानेही ह्या दिवसांत थोडा उपवास करावयाचा. नवल असे की, ज्या ऋतूने संगीताला आवर घातला, त्याच ऋतूसाठी गेल्या शंभर वर्षांतील युरोपच्या संगीतकारांनी आपल्या सर्वोत्तम वृंदरचनांपैकी काही केल्या. वाद्यांचा आधार काढून घेतला म्हणजे उरतो केवळ मानवी कंठ. आणि वाट पाहणाऱ्याची अवस्था सांगावयास दुसरे काय हवे?

ह्या आधुनिक संगीताचे मूळ एका अतिप्राचीन गोष्टीत आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेचे स्तोत्र गाण्याचा प्रघात ख्रिस्ती मठांत फार जुना आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, अलीशिबेच्या घरी गेलेल्या गर्भवती मरियेच्या मुखी हे स्तोत्र आले आहे. त्या स्तोत्राच्या आधी आणि नंतर एक लहानसे वचन गावयाचे असते. त्याला ‘अँटिफन’ म्हणतात. आपल्या ध्रुपदाशी त्याचे नाते आहे, पण ते प्रत्येक कडव्यानंतर येत नाही. स्तोत्राला ते दोन्ही बाजूंनी चौकट घालते. १७ डिसेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंतच्या सात सायंकाळी ह्या चौकटी ठरलेल्या आहेत, आणि त्या साती वचनांचा आरंभ ‘ओ’ ह्या एकाच उद्गाराने होतो. मराठीत त्याला ‘हे’ म्हणावे लागेल: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या तेजा, हे राष्ट्रांच्या राजा आणि शेवटी, हे इम्मानुएल. प्रत्येक वचनाची घडण एकच आहे. आधी नाव घेऊन हाक मारावयाची, मग त्या नावाचा महिमा एका वाक्यात सांगावयाचा, आणि शेवटी ‘ये’ म्हणून एक मागणे मागावयाचे. ज्ञानाने येऊन वाट शिकवावी, किल्लीने येऊन कैद्याला बंदिवासातून काढावे, उगवत्या तेजाने येऊन अंधारात बसलेल्यांवर प्रकाश टाकावा. ही सारी विशेषणे यशयासारख्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून आणि जुन्या करारातील इतर भागांतून वेचून घेतलेली आहेत.

इसवी सनाच्या आठव्या शतकापर्यंत ही वचने प्रचारात आली होती. जुन्या इंग्रजी भाषेतील एक्सेटर येथील प्रसिद्ध हस्तलिखितात त्यांच्यावर आधारलेले एक दीर्घकाव्य आहे. काही मठांत ही वचने उचलण्याचा मान निरनिराळ्या साधूंकडे असे: मुळाचे वचन बागेची राखण करणाऱ्याने, किल्लीचे वचन कोठाराच्या चाव्या सांभाळणाऱ्याने. ज्याची पाळी येई, तो त्या दिवशी आपल्या बंधूंना काहीतरी गोडधोड खाऊ घाली. अशा प्रथा वाचल्या म्हणजे त्या मठांच्या थंडगार भिंतींमागेही आपल्यासारखीच माणसे राहत होती, ह्याची खात्री पटते. ह्या वचनांत आणखी एक गंमत दडलेली आहे. सापिएन्तिया, अदोनाय, रादिक्स, क्लाविस, ओरिएन्स, रेक्स आणि एम्मानुएल ह्या सात लॅटिन नावांची आद्याक्षरे शेवटाकडून आरंभाकडे जुळवीत गेले की ‘एरो क्रास’ असे दोन शब्द होतात. त्यांचा अर्थ, ‘उद्या मी असेन.’ सात दिवस मारलेल्या हाकांना सातव्या दिवशी असे उत्तर मिळते. हे कोणा रचनाकाराने हेतुपुरस्सर योजले की योगायोगाने घडले, ह्यावर विद्वानांनी वाद घालावा. गाणाऱ्यांनी मात्र तो केव्हाच सोडवून टाकला आहे.

इंग्लंडात मध्ययुगात आठवे एक वचन मरियेच्या नावाने जोडलेले होते, त्यामुळे तेथे आरंभ एक दिवस आधी होई. धर्मसुधारणेनंतर अँग्लिकन चर्चने ही वचने उपासनेतून काढली. पण त्यांच्या प्रार्थनापुस्तकाच्या पंचांगात १६ डिसेंबरपुढे ‘ओ सापिएन्तिया’ हे दोन लॅटिन शब्द तसेच राहिले. गाणे गेले, तिथी राहिली.

ते गाणे इंग्रजीत परत आणले ते जॉन मेसन नील ह्या विद्वान याजकाने. लॅटिनमध्ये ह्या वचनांचे एक पद्यरूप होते व ते १७१० साली जर्मनीतील कोलोन येथे छापले गेले होते. नील यांनी १८५१ साली त्याचे भाषांतर केले, आणि टॉमस हेल्मोर यांनी त्याला एक जुनी चाल जोडली. इम्मानुएलला बोलावणारे ते गीत आज जगभर गायिले जाते. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी उपासनांतही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ते बहुधा कानी पडतेच. पण ती चाल कोठली? हेल्मोर यांनी ती स्वतःच बनविली असावी, असा संशय शंभर वर्षे होता. १९६६ साली मेरी बेरी ह्या संगीतज्ञ साध्वीला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील पंधराव्या शतकाच्या एका हस्तलिखितात ती सापडली. ते पुस्तक फ्रान्समधील फ्रान्सिस्कन साध्वींचे होते, आणि त्यात ही चाल प्रेतयात्रेच्या वेळी म्हणावयाच्या वचनांना लावलेली होती. जन्माची वाट पाहणारे गीत मरणाच्या मिरवणुकीतून आले आहे, हे कळल्यावर त्या स्वरांतील गांभीर्याचा उलगडा होतो.

विसाव्या शतकात ह्या ऋतूच्या संगीताला नवे घर मिळाले, ते प्रामुख्याने इंग्लंडमधील महाविद्यालयांच्या प्रार्थनामंदिरांत आणि कॅथीड्रलांत. १८८० सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला ट्रूरो येथे बिशप बेन्सन यांनी नऊ शास्त्रपाठ व त्यांमध्ये गुंफलेली गीते अशी उपासना घडविली. कॅथीड्रलचे बांधकाम चालू असल्यामुळे ती एका लाकडी मंडपात झाली होती. तोच आराखडा घेऊन १९१८ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी नवी उपासना रचली. ते पहिल्या महायुद्धात सैन्याचे धर्मगुरू होते. रणांगणावरून परतलेल्या माणसांना रुक्ष विधी पुरणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ पासून ती उपासना बी. बी. सी.वरून ध्वनिक्षेपित होऊ लागली आणि एका वर्षाचा अपवाद वगळता आजतागायत होत आहे. तिचा लौकिक इतका झाला की, मिल्नर-व्हाइट यांनीच १९३४ साली खास आगमनकाळासाठी रचलेली दुसरी उपासना तिच्यामागे झाकली गेली. ह्या दुसऱ्या उपासनेत गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. आहे ती अंधारात उभे राहून दूरवर पाहण्याची क्रिया.

केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजात जॉर्ज गेस्ट यांनी १९५६ साली आगमनकाळाची गीतोपासना सुरू केली, आणि १९८१ पासून तीही आकाशवाणीवरून ऐकू येऊ लागली. सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये तर ह्या उपासनेला नाट्याचे रूप आले आहे. तेराव्या शतकातील ती प्रचंड वास्तू प्रथम संपूर्ण अंधारात बुडवितात. पश्चिमेकडील दारापाशी एकच मेणबत्ती पेटते. तिच्यापासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, अशा सुमारे १३०० मेणबत्त्या उजळत जातात, आणि गायकवृंद पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे सूर्य उगवतो त्या दिशेला, गात गात सरकतो. श्रोत्याला कधी आवाज समोरून येतो, कधी पाठीमागून, कधी कोठून येतो तेच कळत नाही. लोकांची एवढी दाटी होते की, एकच उपासना अनेक संध्याकाळी करावी लागते. जाता जाता नोंदवावयास हवे, की ह्याच सॉल्झबरीने १९९१ साली मुलींचा स्वतंत्र गायकवृंद उभा करून इंग्लिश कॅथीड्रलांतील शतकांची केवळ मुलग्यांची मिरासदारी मोडली. सेंट जॉन्सला त्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले.

अशा उपासनांना नव्या रचना लागतात, आणि त्या मागवूनच घ्याव्या लागतात. किंग्जचे संगीतप्रमुख स्टीफन क्लिओबरी यांनी १९८३ पासून दर नाताळाला एका हयात संगीतकाराकडून नवे गीत मागविण्याची प्रथा पाडली. १९८५ साली जुडिथ वीअर यांनी पंधराव्या शतकातील स्कॉटिश शब्दांना लावलेली चाल आणि १९९० साली आर्व्हो पेर्ट यांनी केलेली मरियेची छोटीशी स्लाव्ह प्रार्थना ह्या त्या प्रथेच्या देणग्या होत. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजाने तर सात संगीतकारांना सात वचने वाटून दिली. त्यांत ‘अदोनाय’ आले जॉन टॅव्हनर यांच्याकडे, ‘उगवते तेज’ सेसिलिया मॅकडॉवल यांच्याकडे आणि ‘इम्मानुएल’ लाटव्हियाच्या एरिक्स एशेनवाल्ड्स यांच्याकडे. मठातील बागवान आणि कोठारी यांचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची!

ह्या सगळ्यांमध्ये सविस्तर बोलावे अशी रचना मात्र एकट्याने केलेली आहे, आणि तिच्या मागे एक आयुष्य उभे आहे. आर्व्हो पेर्ट यांचा जन्म १९३५ साली एस्टोनियातील पाइदे गावी झाला. तो चिमुकला देश पुढे सोव्हिएत संघात गिळला गेला. पेर्ट यांनी तारुण्यात पश्चिमेकडील नव्या, कठोर तंत्राने रचना केल्या. १९६८ साली त्यांची ‘क्रेदो’ ही रचना टॅलिन येथे सादर झाली. येशू ख्रिस्तावर आपला विश्वास आहे, असे त्या रचनेतील वृंद लॅटिनमध्ये उघड उघड सांगत होता. निरीश्वरवादी राजवटीला ते सहन होणे शक्य नव्हते. रचनेवर अघोषित बंदी आली. त्यानंतर पेर्ट जवळजवळ मुके झाले. आठ वर्षांत त्यांच्या लेखणीतून फारच थोडे उतरले. त्या काळात त्यांनी जुन्या ग्रेगोरियन गानाचा अभ्यास केला आणि एकेरी स्वरपंक्ती लिहून वह्यांमागून वह्या भरल्या. १९७२ साली ते ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दाखल झाले. १९७६ साली ‘आलिनासाठी’ नावाचा पियानोचा एक इवलासा तुकडा त्यांनी लिहिला, आणि मौन सुटले.

ह्या नव्या शैलीला त्यांनी नाव दिले ‘टिंटिनाबुली’, म्हणजे लहान घंटा. तिचे तत्त्व आपल्या वाचकाला समजावयास अवघड नाही. एक आवाज सप्तकाच्या पायऱ्या एकेक करून चढतो किंवा उतरतो. दुसरा आवाज त्याच्याबरोबर प्रत्येक अक्षराला बोलतो, पण त्याला मुभा तीनच स्वरांची: षड्ज, गांधार व पंचम. पहिला चालतो, भटकतो, प्रसंगी चुकतो. दुसरा मुळाशी उभा राहून घंटेसारखा वाजत राहतो. तंबोऱ्याची आठवण होणे साहजिक आहे, परंतु तंबोरा गायकाच्या मागे वाहत असतो. येथे दोघे हातात हात घालून पावलागणिक चालतात. कोणता स्वर केव्हा लागावा हे पुष्कळसे शब्दांची लांबी व त्यांतील आघात ह्यांवरून ठरते. भावना ओतण्यास संगीतकाराला जागाच ठेवलेली नाही, आणि गंमत ही की, श्रोत्याचे डोळे भरून येतात ते ह्याच संगीताने.

१९८० साली पेर्ट पत्नी आणि दोन मुलांसह देश सोडून निघाले. प्रथम व्हिएन्ना आणि मग पश्चिम बर्लिन. त्या दुभंगलेल्या शहरातील ‘रिआस’ ह्या नभोवाणीच्या गायकवृंदाला १९८८ साली चाळीस वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने पेर्ट यांनी ही सात वचने जर्मन भाषेत, वाद्यांच्या साथीवाचून, स्वरबद्ध केली. सारी मिळून पंधराएक मिनिटांची रचना. ‘हे ज्ञाना’ स्वच्छ, उजळ स्वरांत उमटते. ‘हे प्रभो’ केवळ पुरुषांच्या खर्जातून येते, जणू सिनाय पर्वताच्या पोटातून. आणि ‘हे उगवत्या तेजा’ ह्या पाचव्या हाकेत पेर्ट यांनी एक असाधारण गोष्ट केली आहे. तेथे शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गांधार जवळजवळ एकाच वेळी नांदतात. आपल्या जोग रागात दोन्ही गांधार लागतात, पण एकामागून एक, आरोह-अवरोहाचे भान ठेवून. येथे ते एकमेकांवर झुकतात. अंधार अजून गेलेला नाही आणि उजेड आलेला आहे, अशी ती घटका ऐकू येते. शेवटची इम्मानुएलची हाक पहिल्या हाकेच्याच स्वरस्थानी परतते. प्रत्येक वचनानंतर शांतता आहे, आणि ती शांतता रचनेचाच भाग आहे. जे गायकवृंद ती घाईने ओलांडतात, ते ही रचना वाया घालवितात असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

भिंतीने वेढलेल्या शहरात एका निर्वासिताने ‘किल्ली’ला हाक मारावी आणि बंदिवानाला बाहेर काढ म्हणावे, ह्यावर भाष्याची गरज नाही. भिंत पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये उघडली. रचनेची सुधारलेली आवृत्ती १९९१ साली झाली; त्याच वर्षी एस्टोनिया स्वतंत्र झाला. संगीताने हे घडविले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्याने हिशेबाने जाणले होते त्यानेच ते लिहिले, एवढे म्हणता येते.

आणि तरीही एक प्रश्न मनात सलत राहतो. पेर्ट यांची ही रचना कसलेल्या गायकांवाचून उभी राहत नाही. ती नभोवाणीच्या वृंदासाठी झाली आणि पुष्कळदा संगीतसभेतच ऐकली जाते. कॅथीड्रलांतल्या त्या दीपोत्सवाला येणाऱ्यांपैकी कितीजण उपासक असतात आणि कितीजण रसिक? जेथे गायकवृंद गातो आणि समुदाय माना तुकवून ऐकतो, तेथे ‘ये’ ही हाक नक्की कोणाची?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो ऐरणीवर आणला होता. उपासनेविषयीचा तिचा जाहीरनामा १९६३ च्या ४ डिसेंबरला, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्याच सप्ताहात, प्रसिद्ध झाला. उपासनेत लोकांनी पूर्णपणे, समजून-उमजून आणि सक्रिय भाग घ्यावा, असे त्याने बजावले. त्याच वेळी गायकवृंद जोपासावेत आणि ग्रेगोरियन गानाला अग्रमान असावा, असेही सांगितले. दोन्ही गोष्टी एकत्र नांदवाव्या कशा, हे मात्र ज्याचे त्याने शोधावे. नवी मिस्सा अमलात आली तीही आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ३० नोव्हेंबर १९६९ रोजी. तेव्हापासून ही सात वचने मठांच्या सायंप्रार्थनेबाहेर पडून १७ डिसेंबरपासूनच्या मिस्सांमध्ये शुभवर्तमानापूर्वीच्या आलेलुयाबरोबरही येऊ लागली, आणि लोकांच्या भाषेत येऊ लागली.

स्कॉटलंडचे जेम्स मॅकमिलन यांनी ह्या कोंडीवर एक उत्तर दिले आहे, आणि ते मला पेर्ट यांच्या उत्तराइतकेच मोलाचे वाटते. १९५९ साली जन्मलेले मॅकमिलन हे श्रद्धावान कॅथलिक. मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी ते लिहितात. ‘वेनी, वेनी, एम्मानुएल’ ही त्यांची तालवाद्यांची गाजलेली रचना नील-हेल्मोर यांच्या गीताच्या त्याच जुन्या चालीवर उभी आहे, आणि ती लिहावयास त्यांनी १९९१ च्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घेतली व १९९२ च्या पुनरुत्थानाच्या रविवारी हातावेगळी केली. परिषदेनंतर चर्चमध्ये शिरलेल्या बाळबोध गीतांवर त्यांनी जाहीर टीका केली आहे. पण नुसती टीका करून ते थांबले नाहीत. ग्लासगोच्या मेरीहिल भागातील सेंट कोलंबा ह्या साध्या धर्मग्रामात हौशी गायकांचा वृंद त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. नोकरीधंदा करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांना काय पेलते आणि काय पेलत नाही, हे त्यांना तेथे कळले.

त्या अनुभवाच्या वळणाची त्यांची एक रचना २००७ साली आली. २१ डिसेंबरच्या वचनाची, ‘उगवत्या तेजा’ची. चार आवाज, वाद्य एकही नाही, लांबी चार मिनिटांच्या आसपास. सोळाव्या शतकातील टॉमस टॅलिस यांच्या एका प्रकाशगीताची छाया आरंभीच्या स्वरांवर आहे, आणि तरी कोठेही जुन्याची नक्कल वाटत नाही. चारही आवाज बहुतांशी एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात, त्यामुळे शब्द हरवत नाहीत. ‘ये’ ही विनवणी पुन्हापुन्हा येते आणि तेथे स्वर दाटून येतात. मोठे वृंद ही रचना गातातच, पण ती खेड्यापाड्यांतील हौशी वृंदांच्या आवाक्यातलीही आहे, ह्यात तिचे खरे यश आहे. २१ डिसेंबरला ग्लासगोला दुपारी पावणेचाराच्या सुमारास सूर्य मावळतो. तेथील माणसाने त्या संध्याकाळी उजेडाला हाक मारणे आणि मुंबईच्या सहा वाजताच्या सोनेरी उन्हात आपण मारणे, ह्यांत फरक आहे.

मात्र वाट पाहण्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. डोळे शिणवून बसलेल्या करुणापर अभंगांनी आपली संतवाणी भरली आहे, आणि कार्तिकातील काकडआरती तरी दुसरे काय करते? रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो असे म्हणत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना मराठी चर्चमध्ये ऐकू आली ती इंग्रजी चालींत कोंबलेली मराठी गीते, जेथे शब्दाचा आघात एकीकडे आणि तालाचा ठोका दुसरीकडे. अभंग, ओवी व भजन ह्यांच्या घाटात ख्रिस्तभक्ती ओतून त्यांनी ह्या विसंगतीवर तोड काढली. त्यांची अनेक पदे ‘उपासना-संगीता’तून प्रॉटेस्टंट मंडळ्या आजही गातात. टिळकांनी जे केले, तेच ऐंशी-नव्वद वर्षांनी मॅकमिलन यांनी ग्लासगोत केले असे म्हणता येईल: समोरचा समुदाय काय गाऊ शकतो, हे आधी पाहिले. दुसऱ्या बाजूला, पाश्चात्त्य वृंदगानाची अस्सल परंपराही मुंबईला परकी नाही. व्हिक्टर परंज्योती यांनी उभा केलेला आणि पुढे कूमी वाडिया यांनी दशकानुदशके घडविलेला गायकवृंद ह्याच शहरातला.

मग ह्या सात हाका मराठीत कोणी गाव्यात, आणि कशा? चार आवाजांची पाश्चात्त्य गुंफण रागाला मानवत नाही. राग एकेरी रेषेने चालतो, आणि त्याच्यावर दुसरे स्वर लादले की तो गुदमरतो. पेर्ट यांची घंटेची युक्ती येथे उपयोगी पडावी. एक आवाज रागातून चालेल, बाकीचा समुदाय षड्ज-पंचमावर केवळ ‘ये’ म्हणत राहील; त्याला तालीम लागणार नाही आणि मूग गिळून बसावेही लागणार नाही. ‘हे राष्ट्रांच्या राजा’ दरबारी कानड्यात सहज बसेल. ‘हे दाविदाच्या किल्ली’ला मारव्याची संध्याकाळची हुरहूर शोभेल. ‘हे उगवत्या तेजा’ला मात्र ललतावाचून पर्याय दिसत नाही, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी, आणि पंचमाची विसाव्याची जागाच वर्ज्य. तेव्हा तेवढी पंचमाची घंटा काढून समुदायाला षड्जावरच थांबवावे लागेल. राहिला वेळेचा प्रश्न, कारण ललत पहाटेचा आणि वचन सायंप्रार्थनेचे. पण मध्य युरोपात आगमनकाळात सूर्योदयापूर्वी, नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात मरियेच्या नावाने मिस्सा अर्पण करण्याची ‘रोराते’ नावाची जुनी चाल आहे. ती संपेतो खिडक्यांच्या काचा उजळू लागतात. २१ डिसेंबरच्या पहाटे वसईच्या एखाद्या चर्चमध्ये हे करून पाहावयास अडचण कसलीच नाही. तंबोरा मिळाला तर उत्तम, नाही तर टाळांची एक जोडी पुरे.